सेनापतीला मिळालेली सवलत

दर खंडेनवमीला वाळूजच्या कारखान्यात माझ्या विभागातील यंत्रांना मी हळदकुंकू लावले, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. पूजा विभागप्रमुखाने करायची, असा तिथला रिवाज. मी ख्रिस्ती आहे, मला वगळा, एवढे म्हणण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. प्रसादाचा पुडा मी बसथांब्यावर कोणाला तरी देऊन टाकत असे. हे आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाला ठाऊक नव्हते, पत्नीलाही नाही.

मनाची समजूत घालायला मी शास्त्रातच आधार शोधला होता. बायबलच्या जुन्या करारात एका कोड झालेल्या अरामी सेनापतीची कथा आहे. संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तो यार्देन नदीत सात बुड्या मारतो आणि बरा होतो, आमच्याकडे कथा तिथेच संपवतात. पुढची वचने सहसा कोणी वाचत नाही. बरा झालेला तो सेनापती संदेष्ट्याला सांगतो की यापुढे मी तुमच्याच देवाला भजेन. मात्र माझा धनी, राजा, माझ्या हातावर टेकून आपल्या देवळात वाकेल, तेव्हा मलाही वाकावे लागेल, तेवढे मला माफ व्हावे. संदेष्टा त्याच्यावर रागावत नाही. त्याला शांतीने निरोप देतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी न चुकता एवढेच वाचत असे.

माझा चुलत भाऊ मूळचा पिशोरचा. तो बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवी. लग्नसराई सरली की पोट मिरवणुकांवर: वैजापूर, सिल्लोड, जिथली सुपारी मिळेल तिथे. एकदा देवाच्या मिरवणुकीत आरती वाजवताना मंडळीतल्या कोणीतरी त्याला पाहिले आणि प्रकरण मंडळीच्या पंचांपुढे आले. पंचांत मी होतो. शास्त्राचा जाणकार म्हणून पाळकांनी माझे मत विचारले. मी दहा आज्ञांतली मूर्तिपूजेविरुद्धची दुसरी काढली, इस्राएलांनी पुजलेल्या सोन्याच्या वासराभोवतीचे गाणेबजावणे काढले, आणि हे काम सोडीपर्यंत त्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षारस, देऊ नये, असे सांगितले. सेनापती माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण ती वचने तुम्हांला इतकी पाठ कशी, असे कोणी विचारील, या भीतीने मी ती गिळली.

तो मंडळी सोडून गेला असता, तर मला बरे वाटले असते. तो गेला नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसे आणि भाकरीचे ताट आले की स्वतः न घेता बायकोकडे सरकवी. ताट फिरवणारा बहुधा मीच असे.

यंदा त्याची छाती बिघडली. डॉक्टरांनी वाजवणे बंद करायला लावले. पाळकांना आनंद झाला. त्याने आता मंडळीसमोर पाप कबूल करावे आणि भोजनाला यावे, असे त्यांनी ठरवले. त्याची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

मी घरी गेलो, तेव्हा तो हसून म्हणाला की गाणं एकदा ऐकलं की वाजवता येतं, हे कबुलीचं मात्र कोणी वाजवून दाखवलं नाय. मग त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर त्याने विचारले, "चुकलो म्हणीन मी, दादा. पण लेकरं त्याच्यावरच मोठी झाली. देव खरंच नाराज असंल का हो?"

त्याची बायको चहा ठेवत म्हणाली, "त्यांना काय इचारता? त्यांनीच तर ताट उचललं तुमच्या पुढचं."

मी त्याला कबुलीची दोन वाक्ये पाठ करवली, चहा प्यालो आणि निघालो.

रविवारी तो बाकांचा आधार घेत पुढे गेला. पहिले वाक्य त्याने म्हटले. दुसऱ्याच्या मध्यावर श्वास अडकला आणि तो माझ्याकडे पाहू लागला, शब्द मी पुरवीन या भरवशावर. शब्द माझेच होते, आणि खोटे होते.

मी उठलो. खंडेनवमीची पूजा आणि सेनापतीची वचने, दोन्ही मंडळीला सांगितली. मग त्याच्याकडे वळलो.

"पूजा मीही केली, आणि स्वतःसाठी शास्त्रात क्षमा शोधून ठेवली. तुझ्यासाठी ती उघडली नाही. इतकी वर्षे तुला या भोजनापासून मी तोडलं. तू काही कबूल करू नकोस. मला माफ कर."