पंप बंद करा, काका

बंबाचा ड्रायव्हर निवृत्तीला टेकला होता. अग्निशमन केंद्रातले सगळे त्याला काका म्हणत. नव्या प्रमुख बाई बदलून आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने घरी बायकोला सांगून टाकलं, "बाई घाबरट आहेत गं. आग दिसली की आधी थांबतात."

थांबायच्या हे खरंच होतं. गाडीतून उतरल्या की इमारतीभोवती एक चक्कर मारायच्या, धूर कुठून निघतोय, कसा निघतोय ते बघायच्या, मगच तोंड उघडायच्या. शिवाय त्यांचा एक नियम होता: दोघं आत गेले तर दोघं बाहेर तयार हवेत, आतल्यांना ओढून काढायला. पण गाडीवर माणसं होती तीनच. बाई, काका आणि लंब्या नावाचा एक धिप्पाड जवान. चौथी जागा कित्येक दिवस रिकामी. बाई वरच्या साहेबांना फोन करकरून थकल्या. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "माणूस काय झाडाला लागतो?"

एके दिवशी भर दुपारी गाद्यांच्या गोदामाची वर्दी आली. पोचले तेव्हा शटर बंद, फटींतून पिवळट काळा धूर, आणि समोर ही गर्दी! मालक धावत आला, बाईंचा हात धरून म्हणाला, "वॉचमन आत राहिलाय हो! शटर उचला!"

लंब्याने मास्क चढवला आणि शटरकडे झेप घेतली.

"थांब," बाई म्हणाल्या. "मागे ये."

"मॅडम, माणूस आहे आत!"

"मला ऐकू आलंय. तो धूर बघ आधी."

काकांनीही बघितलं. धूर फटीतून बाहेर यायचा, आणि पुन्हा आत ओढला जायचा. गोदाम जणू श्वास घेत होतं. इतकी वर्षं आगी विझवून हे त्यांनी कधी असं नीट पाहिलं नव्हतं. आतली आग हवेसाठी तडफडत होती. शटर उचललं असतं तर पहिला घास लंब्याचाच होता.

बाईंनी लोकांना पार पलीकडच्या फुटपाथवर हटवलं. लोक काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "बांगड्या भरा," हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्यांनी गोदामातल्या एका कामगाराला विचारलं, "वॉचमन बसतो कुठे?"

"मागच्या बाजूला. संडासाजवळ."

बाई बाजूच्या गल्लीतून मागे गेल्या. लंब्या पाठोपाठ. काका पंपावर. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर आवाज आला, "काका, पंप बंद करा. इंजिनसुद्धा."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"बंद करा. मला ऐकायचंय."

जळत्या गोदामासमोर बंब बंद करायचा! तरी काकांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं तशी गर्दी खवळली, एक दगड बोनेटवर येऊन आपटला. काका दोन्ही हात वर करून ओरडले, "गप्प राहा! हात जोडतो, गप्प राहा!" त्या म्हाताऱ्या आवाजात काय होतं कोण जाणे, सगळे खरंच गप्प झाले.

त्या शांततेत मागून पहारीचा आवाज आला. बाई भिंतीवर ठोकत होत्या. ठक ठक. पुढे सरकून पुन्हा ठक ठक. आणि मग वॉकीटॉकीवर, अगदी बारीक, आतून एक ठक.

काका किल्लीला हात लावून तयार राहिले.

वॉचमन संडासात कोंडून घेऊन बसला होता. वरच्या इवल्याशा झरोक्यातून बाई त्याच्याशी बोलत होत्या, तो आवाज वॉकीटॉकीवर काकांना ऐकू येत होता. शेजारणीशी बोलावं इतका साधा. "दादा, दार उघडायचं नाही हं. नळ आहे ना? शर्ट भिजवून दाराच्या फटीत कोंबा. खाली बसा, तोंड झाकून. आम्ही भिंत फोडतोय." मग काकांना म्हणाल्या, "पंप सुरू करा. पाणी आमच्या डोक्यावरच्या भिंतीवर पाहिजे."

पाणी धरायला माणूस कुठे होता! काकांनी पाइप फरफटत मागे नेला, गल्लीतल्या समोरच्या खिडकीच्या गजाला दोराने करकचून बांधला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि धापा टाकत पुन्हा पंपावर आले. मागे दोघं पहारीने विटा पाडत होते. वॉचमन बाहेर आला तो काळाठिक्कर, खोकून खोकून डोळे पांढरे झालेला, पण स्वतःच्या पायांवर. त्याला गल्लीच्या तोंडाशी आणलं तोच पुढचं शटर तोफेसारखं उडालं. ज्वाळा रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या. मघाशी मालक आणि लंब्या जिथे उभे होते, तिथलं डांबर पेटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक नुसते बघत राहिले, आधी त्या आगीकडे, मग बाईंकडे. दुसरी गाडी आली आणि संध्याकाळपर्यंत आग विझली.

केंद्रावर परतल्यावर बाईंनी कुणाला चहाला हात लावू दिला नाही. आधी काजळीचे कोट बाहेर काढा, धुवा, आंघोळी करा. "हा काळा धूर अंगावरून पोटात जातो. घरी पोरं आहेत आपली," म्हणाल्या. काका कोटावर पाणी मारता मारता हळूच म्हणाले, "मॅडम, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. ठोकत होते आणि आतून काही येईना, तेव्हा फार वाटली." त्यांनी हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे सोलवटले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब जातीने आले. शटर का उचललं नाही, अशी तक्रार पोचली होती. बाईंनी त्यांना गोदामापाशी नेलं, जळकं डांबर दाखवलं, मग ज्याने पाइप बांधला होता तो, अजून गजालाच असलेला दोर दाखवला. "साहेब, हा दोर म्हणजे आमचा चौथा माणूस. काल टिकला. रोज टिकेल?"

साहेबांनी पुढे होऊन ती गाठ ओढून बघितली.

महिन्याभराने चौथा जवान आला, पण दिवसपाळीपुरताच. रात्री अजून तिघंच. त्यासाठी बाईंचे फोन चालू आहेत. काकांना मात्र निवृत्तीनंतर कंत्राटावर राहता का, असं कार्यालयाने विचारलं. बायको म्हणाली, "पुरे आता. त्या घाबरट बाईंच्या हाताखाली काय राहायचं?"

काकांनी ताट बाजूला सारलं. "तसं म्हणू नकोस गं," ते म्हणाले. "त्या थांबल्या म्हणून लंब्या आज जिवंत आहे." बायको चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाला कुणाची अशी बाजू घेताना तिने कधी पाहिलं नव्हतं.