मेहंदीत फोडलेलं अंडं

डहाणूत माझं स्वतःचं पार्लर आहे. काल एक बाई म्हणाल्या, "केसांच्या मेहंदीत अंडं घाला, चमक येते." मी अंडं फोडलं आणि त्या वासासरशी थेट तलासरीच्या पार्लर क्लासमध्ये जाऊन पोचले.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मॅडमनी प्रत्येकीला दोन अंडी आणायला सांगितली होती. आमच्या पाड्यावर अंडी विकत कोण आणतं? मी खुडूक बसलेल्या कोंबडीखालची दोन उचलली. त्यातलं दुसरं मॅडमनी मेहंदीत फोडलं, तर आतून ओलं, काळपट पिल्लू पडलं. डोळे मिटलेले, पाठीवर पिसांच्या रेघा. उग्र, कोमट वास उठला. मुली तोंड दाबून बाहेर पळाल्या.

मॅडमनी चमच्याने पिल्लू उचलून मोरीत टाकलं आणि तीच मेहंदी ढवळली. "सामान फुकट येत नाही. अंडं तुझं, तर डोकंही तुझंच. सर्टिफिकेट हवंय ना?"

हवं होतं. नाहीतर लोकांच्या वाडीत चिकू वेचणं ठरलेलं होतं. तासभर मी मान खाली घालून बसले. कपाळावरून ओघळ येत होता आणि समोर मोरीच्या जाळीवर ते पिल्लू होतं.

आता मी प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना ती माझी शिस्त वाटते.

केसांतला वास दोन दिवसांत गेला. पण डोकं धुतल्यावर मी मॅडमना हसून "थँक्यू" म्हणाले होते, त्याची किळस अजून येते.