आणि पेत्रालाही सांगा

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमध्ये तो तळमजल्यावर राहतो, मी पहिल्या मजल्यावर. पूर्वी आम्ही अंबरनाथला एकाच कंपनीत होतो. तिथेच प्रेस मशीनमध्ये त्याची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून असलेलं मशीनचं गार्ड साहेबांनी काढायला लावलेलं मी पाहिलं होतं. चौकशीत मला तीनदा विचारलं, आणि तीनदा मी म्हणालो, "मला माहीत नाही." समोर बसलेल्या त्याने फक्त मान खाली घातली.

प्रत्येक वाक्यानंतर तो "काय?" म्हणून थांबतो. त्याचं ते "काय?" मला झेपत नाही. त्याची पावलं वाजली की मी टीव्ही बंद करून घरात नसल्यासारखा बसतो.

एकदा जिन्यात गाठलंच त्याने. शास्त्रातलं, बायबलमधलं सांगत होता. "शिष्य असून पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पण येशू मेलेल्यांतून उठल्यावर निरोप आला, शिष्यांना सांगा, आणि पेत्रालाही सांगा. नाव घेतलं नसतं, तर लाजेने तो आलाच नसता. काय?" मी मान हलवून सटकलो.

आज खिडकीतून त्याचा आवाज आला. वॉचमनला सांगत होता, "ईस्टरचं जेवण आहे, सगळ्यांना सांग. आणि पहिल्या मजल्यावर नाव घेऊन सांग. काय?"

वॉचमन जिना चढू लागला. मी टीव्ही बंद करायला धावलो, तर तो मी आधीच बंद केलेला होता.