वजा केलेला उजेड

शैला गायधनी बेंगळुरूला नोकरीला लागली, तेव्हा रामकुंडावर जो तो तिच्या वडिलांना विचारायचा, "गुरुजी, लेक काय करते तिकडं?"

"उजेड मोजते," ढुंढिराज गुरुजी सांगायचे.

"कसला उजेड?"

"ते तिलाच विचारा बुवा."

तो उजेड सांगायला अवघडच होता. आपल्या आकाशगंगेपलीकडच्या कितीतरी दीर्घिका इतक्या दूर आहेत, की दुर्बिणीतून एकेकट्या दिसत नाहीत. पण त्या साऱ्यांचा मिळून एक मंद उजेड आकाशभर पसरलेला असतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. खालून पाहावं तर हवेची स्वतःची चमक त्याला बुडवते. म्हणून दुर्बीण रॉकेटात घालायची, हवेच्या वर न्यायची आणि काही मिनिटांत जमेल तेवढं मोजायचं.

दुर्बिणीची नळी आतून काळीकुट्ट ठेवायची, हे शैलाचं काम. त्या वर्षांत तिच्या नखांतला काळा रंग कधी निघाला नाही.

पहिलं उड्डाण झकास झालं. उजेड तर अपेक्षेच्या कितीतरी पट आला. कुणीतरी जिलेबी मागवली. शैला मात्र आलेख पुन्हा पुन्हा पाहत राहिली. दुर्बीण कुठल्याही दिशेला वळवा, उजेड तेवढाच. आकाश असं वागत नाही; तिथं दिशेगणिक उजेड थोडा कमीजास्त होतोच.

"सर, हे आकाश नाहीये," ती म्हणाली. "वर जाताना रॉकेटचं अंग तापलं. त्याचीच झळ आपल्या नळीत शिरलीय."

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "खरंय. जिलेबी संपवा. उद्यापासून पुन्हा सुरू."

ती रजा घेऊन नाशिकला आली. सकाळी कुंडाच्या पायरीवर वडिलांशेजारी बसली आणि तिला रडू फुटलं.

"अण्णा, कुणाला न दिसणाऱ्या उजेडापायी एवढी वर्षं घालवली. काय उपयोग?"

अण्णांनी समोर तर्पण करणाऱ्या माणसाकडे बोट केलं. "हा बापाचं नाव घेईल, आजोबाचं घेईल. पणजोबाच्या पुढे अडखळेल. सगळेच अडखळतात. मग आम्ही सांगतो, ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्या सगळ्यांच्या नावानं एक ओंजळ सोडा. तीही सोडावी लागते, शैले."

ती परत गेली. आकाशात पोचल्यावर दुर्बिणीतून बाहेर सरकणारी, गार ठेवलेली जादा नळी तिनं बसवली. दुसऱ्या उड्डाणात झळ शिरली नाही. मोजलेल्या दीर्घिकांच्या हिशेबात न बसणारा थोडा उजेड तरीही उरलाच. तो कुणाचा, यावर अजून वाद आहेत. दुसऱ्या उड्डाणाचा निकाल ऐकायला अण्णा मात्र नव्हते.

आई एकटी पडली, म्हणून शैला नाशिकला आली आणि कॉलेजात शिकवू लागली. आता ती निवृत्तही झाली. नाशिक रोडच्या घरात दुपारी डोळा लागला, की दुर्बीण गार ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनची पांढरी वाफ आठवते, चहावरची भांडणं आठवतात. दुर्बिणीवर एकत्र राबलेल्या त्या पाच जणांपैकी दोघं आता नाहीत.

मध्यंतरी भाची आभानं मोबाईल पुढे धरला. "मावशी, हे बघ. तुमचाच उजेड आता उपग्रहावरची दुर्बीण मोजतेय. सगळ्या आकाशाचा!"

शैलाला आनंद झाला, आणि आत कुठंतरी कळही उठली. "मला एकदा काळोख दाखव गं," ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आभानं तिला चांदवडच्या पुढे, कांद्याच्या शेतांपाशी नेलं. संधिप्रकाश विझला, तसा पश्चिमेला एक तिरपा, फिकट पट्टा वर चढलेला दिसला.

"गावाचे दिवे?" आभानं विचारलं.

"नाही. ग्रहांमधल्या धुळीवर पडलेलं ऊन आहे ते. आमच्या मोजणीतला सगळ्यात मोठा अडथळा. आधी हा वजा करायचा, मग मागे काय उरतं ते बघायचं." शैला गाडीला टेकली. "इतकी वर्षं याला वजा केलं. निवांत असा कधी पाहिलाच नव्हता."

"निघायचं?"

"थांब जरा."

पट्टा डोंगराआड जाईपर्यंत दोघी तिथंच उभ्या होत्या.