दुखण्याला दिलेले गुण

काकूंनी माझ्यासमोर कमरेत वाकून सँडलचा बंद लावला, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

विश्रांतवाडीतल्या वैद्यबाईंच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकाच आठवड्यात आलो होतो. दोघींची कंबर, पायात उतरणारी तीच कळ आणि तेच औषध, भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल. औषधात त्याला विजया म्हणतात. थेंब मोजून जिभेखाली धरायचं आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं. काकू पेठेतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मी यवतमाळकडची, वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. उभं राहून शिकवता आलं नाही तर ही नोकरी राहणार नव्हती. प्राचार्यांनी तसं सभ्य भाषेत सांगितलं होतं.

आता चौथ्या महिन्यात काकू वाकत होत्या आणि मला फळ्यापाशी पंधरा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना अगं-तुगं करायला लागले होते. पोळ्या लाटताना वाटायचं, हिला पेन्शन आहे, हिला कुठे उभं राहायचंय? हिची कंबर दुखत राहिली असती तर कुणाचं काय अडलं असतं?

त्या दिवशी मी विचारलंच, थेंब किती घेता. त्यांचा आकडा माझ्या तिप्पट होता. मला तर वाढवून दिलेच नाहीत, असं मी म्हणाले.

"तुम्ही बोललात का तसं? मी दर वेळी सांगायचे, काडीचा फरक नाही. गोड बोलायला त्या काय माझ्या सासूबाई आहेत?"

वैद्यबाईंनी आम्हाला एकेक वही दिली होती. रोज संध्याकाळी दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. माझ्या वहीत आठ, मग सात, सहा, पाच अशी छान उतरण होती, अक्षरही सुवाच्य. खरं दुखणं आठावरून हललंच नव्हतं. प्रयोगवहीत बनवलेली रीडिंग दिसली की मी मुलांना वही परत करते. पण पहिल्या भेटीत वैद्यबाईंनी माझं पाऊण तास ऐकून घेतलं होतं. त्यांची मेहनत वाया चालली आहे असं त्यांच्याच वहीत लिहायला माझा हात धजेना. शिकताना मी राहायचे त्या वसतिगृहात तपासणीला साहेब यायचे आणि जेवण कसं आहे म्हणून विचारायचे. आम्ही मुली उठून म्हणायचो, चांगलं आहे सर. भात कच्चा असायचा.

आत गेले. वैद्यबाईंनी वही चाळून समाधानानं मान हलवली. तेवढ्यात बाहेरून काकूंचं हसणं ऐकू आलं. खरं सांगायचं तर त्या हसण्यानं माझं तोंड उघडलं, प्रामाणिकपणा नंतरचा.

"मॅडम, हे आकडे खरे नाहीत. आठच आहे. पहिल्यापासून."

त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून उलटली.

"अहो, म्हणजे चार महिने तुम्ही माझ्यावर उपचार करत होतात?"

मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं, थेंब हळूहळू कसे वाढवायचे ते लिहून दिलं आणि चक्कर आली किंवा दिवसा झोप आवरेना झाली तर लगेच फोन करायला बजावलं.

पुढच्या महिन्यात आकडा पाचावर आला, या वेळी खराच. तो सांगितल्यावर वैद्यबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाहेर औषधांच्या काउंटरपाशी उभ्या राहा, मी बोलवेपर्यंत बसायचं नाही.

बाकावर काकू होत्या, पाय वर घेऊन मांडी घालून. शेजारच्या बाईला सांगत होत्या की आता दोनच आहे. मला बघून त्या सरकल्या.

"बसा की, जागा आहे."

मी नको म्हटलं, उभं राहायला सांगितलंय.

"का, शाळेत आहात?"

त्यांच्या त्या मांडीचा मला भयंकर हेवा वाटत होता. पोटरीत कळ होती, पण खाली बसवणारी नव्हती. समोरच्या घड्याळात मला उभं राहून चाळीस मिनिटं झाली होती. आमच्या कॉलेजात वर्गाचा तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो.