पिंप्राळ्याच्या अक्कांचं मशीन

"हळू हो, आत माणसं आहेत!"

कुणी जुनी व्हिडिओ कॅसेट टेबलावर आपटून ठेवली की अक्का असं म्हणत आणि ती दोन्ही हातांनी उचलून घेत.

पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. भावाने परदेशातून आणलेलं एक मशीन त्यांच्याकडे होतं. एका बाजूला कॅसेट घालायची, दुसऱ्या बाजूला डिस्क. कॅसेट चालू असतानाच तिच्यातलं सगळं डिस्कवर उतरायचं. दुकानांतून अशी मशीनं कधीच नाहीशी झालेली. म्हणून लोक लग्नाच्या, बारशाच्या कॅसेटी घेऊन अक्कांकडेच येत.

आयुष्यभर फोनच्या खरखरीतून माणसांचे आवाज निवडलेल्या अक्का. नुसत्या घरघरीवरून टेप कुठे अडकणार ते सांगत, आणि ती तिथेच अडके. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखेच थक्क झाला असतात.

एकदा पाचोऱ्याहून एक शिक्षिका आल्या. पिशवीत मामाच्या लग्नाची कॅसेट, तिच्यावर पांढरी बुरशी. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई वारली होती. "फोटो आहे हो घरात," त्या म्हणाल्या, "पण आवाज कसा होता ते मला माहीतच नाही."

मी अक्कांना बाजूला घेतलं. "ही घातली तर मशीन जाईल. दुरुस्त करणारं आता कुणी उरलं नाही."

"मग काय झाकून ठेवायला आणलंय का ते?"

आठ दुपारी त्या खिडकीशी बसल्या. तोंडाला रुमाल, हातात मऊ सुती कापड. कॅसेट उघडून, रीळ बोटाने फिरवत वीत-वीत टेप पुसत होत्या. दोन ठिकाणी ती तुटली. दोन्ही ठिकाणी जोडली.

नवव्या दिवशी शिक्षिका आल्या. अक्कांनी आधी डिस्कवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "एकदाच चालेल ही," म्हणाल्या आणि कॅसेट आत सरकवली.

पडद्यावर रेघा, मुंग्या. मग मांडव, जेवणाची पंगत. वरणाची बादली घेतलेली एक तरुण बाई कॅमेरा बघून लाजली, पदर सावरला आणि सगळे जेवले का, असं पंगतीला हसत विचारलं, "बठ्ठा जेवनात का?"

शिक्षिकेचे केस पिकलेले. पडद्यावरची आई आता त्यांच्या मुलीच्या वयाची.  शिक्षिका अगदी हळू म्हणाल्या, "जेवनात, माय."

अक्का त्यांच्याकडे वळल्या नाहीत. नजर पडद्यावरच ठेवून पदराने डोळे टिपले.

लग्न जेमतेम संपलं आणि मशीनमध्ये कर्रकन आवाज झाला. कॅसेटची बाजू कायमची गेली. अक्कांनी डिस्क काढून शिक्षिकेच्या हातात दिली आणि आत चहा टाकायला गेल्या. त्या मशीनबद्दल हळहळताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पुढेही कुणी कॅसेट आणली की त्या ती साफ करून देत आणि सांगत, "चालवणारं कुणी शोधा. आता ही चालेल."

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या.

परवा धुळ्याहून एक म्हातारे गृहस्थ आले. काखेत फडक्यात गुंडाळलेली कॅसेट. कुलूप बघून मला विचारलं, "अक्का घरमा शेतस का?"

"अक्का गेल्या, आबा."

 त्यांनी चपला काढल्या, वाकून बंद दाराच्या उंबऱ्याला हात लावला आणि ते आल्या वाटेने निघून गेले.