एकाच ढिगात दोघी

चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षं काढलेल्या त्या बाईने लोकांची तोंडं जितकी जवळून पाहिली होती, तितकी त्यांच्या घरच्यांनीही पाहिली नसतील. गिऱ्हाईक समोर बसलं की ती छोटी पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरायची, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची, मग फ्रेम चढवून काड्या वाकवायची. कुणाचेही दोन कान एका उंचीवर नसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; काड्या वाकवता वाकवता बोटांनाच कळलं होतं. आसपासच्या चार गल्ल्यांत तिला सगळे चष्मेवाल्या मावशी म्हणायचे. लग्न तिने केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची.

तिला एक जुळी बहीण होती. अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून ती ताई. हा अकरा मिनिटांचा मोठेपणा ताईने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला. गाडीत खिडकीची जागा कुणाची, नवी छत्री आधी कुणी घ्यायची, असा वाद निघाला की ती फक्त "मोठी कोण?" एवढंच विचारायची, आणि धाकटी हात टेकायची. दिसायला दोघी इतक्या सारख्या, की शाळेत ताईच्या खोड्यांसाठी बाईंनी धाकटीला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. धाकटी काही न बोलता उभी राहिली, कारण ताईने खिडकीतून हात जोडले होते.

ताई जाऊन चौदा महिने झाले होते. दुखणं कळलं तेव्हाच उशीर झाला होता. तीन महिन्यांत सगळं आटोपलं. मावशींना रडायला वेळ मिळाला, माणसंही मिळाली, पण त्यानंतर एक वेगळंच सुरू झालं. लोक त्यांना बघून दचकायला लागले. ताईच्या गल्लीतला वाणी साखर मोजता मोजता थांबला आणि मग उगाच घसा खाकरत राहिला. ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, त्यांच्याशी बोलायचे ते भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघून. भाची दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती फोन करायची, पण व्हिडिओवर कधीच नाही. मावशींना काय ते उमगलं. आपलं तोंडच या माणसांना सोसत नाही, आणि तोंड तर काही घरी ठेवून येता येत नाही. त्यांनी ताईच्या घरी जाणं आधी कमी केलं, मग बंदच केलं. कुणी विचारलं की दुकानात नवा माल आलाय म्हणून सांगायचं.

अशात एक दिवस दुपारी भाचीचा फोन आला. ती तीन आठवडे रजा घेऊन वडिलांकडे आली होती.

"मावशी, येशील का गं? एक काम अडलंय. तुझ्याशिवाय होणारच नाही."

"काय अडलंय?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "सांगायला लाज वाटते. मला आईच ओळखता येत नाहीये."

काम असं होतं. घरातले सगळे जुने अल्बम, डब्यातल्या निगेटिव्ह, कॅसेटवरचे समारंभ, चार मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ भाचीने संगणकात भरले होते. अकरा हजारांच्या वर भरले. त्यातून तिला आईचा एक अल्बम करायचा होता. एवढं चाळणार कोण, म्हणून तिने एक प्रोग्राम लावला. तो प्रत्येक फोटोत चेहरे शोधायचा, एकसारखे चेहरे एका ढिगात टाकायचा, व्हिडिओतही कोण कितव्या मिनिटाला दिसतं ते लिहून ठेवायचा. महिनाभराच्या कामाला त्याला तीन तास लागले. आणि आई आणि मावशी, दोघींना त्याने एकाच ढिगात टाकलं. असे एकूण एक हजार नऊशे त्रेचाळीस फोटो. अलीकडचे फोटो भाचीने वेगळे केले, पण स्वतःच्या जन्माच्या आधीचे बघायला लागल्यावर तिचा धीर सुटला.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. दार भावोजींनी उघडलं. दचकले, "ये, ये" म्हणाले आणि लगेच चहाचं आधण ठेवायला आत गेले. चहा झाल्यावरही ते बाहेर आले नाहीत. कप भाचीने आणून दिले.

जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला होता. पडद्यावर एका बाजूला एक चेहरा, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का? भाचीने दोन नावं करून ठेवली होती, 'आई' आणि 'मावशी'.

"तू फक्त बोट दाखव, मी दाबते."

"ही मी. ही ताई. ही ताई. ही मी, आणि ही मागची पाठमोरी पण ताईच."

"कसं कळतं तुला?"

"तिचा उजवा कान जरासा वर होता. तिच्या प्रत्येक चष्म्याची काडी मीच वाकवलीये. माझा डावा वर आहे. बुबुळांमधलं अंतर मात्र दोघींचं अगदी सारखं, बासष्ट मिलिमीटर. तुझा प्रोग्राम तेच मोजत बसला असेल, म्हणून फसला."

एका ठिकाणी मात्र त्याही फसल्या. सलग सात फोटोंत कान उलटे निघाले. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांचं लक्ष मागच्या दुकानाच्या पाटीकडे गेलं. अक्षरं उलटी होती. भाचीने ती निगेटिव्हची पट्टी पालथी घातली होती. "आईचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला म्हणून मी पण बघत होते," असं भाची म्हणाली आणि दोघी हसल्या. चौदा महिन्यांत त्या घरात हसण्याचा आवाज असा पहिल्यांदाच झाला असावा, कारण आतली भांड्यांची हालचाल क्षणभर थांबली.

मग रोज दुपारी दुकान तिथल्या सोबतच्या बाईवर सोपवून मावशी जायला लागल्या. प्रोग्रामच्या गमती संपत नव्हत्या. भावोजींचे त्याने दोन इसम केले होते, एक मिशीवाला आणि एक बिनमिशीचा. मावशींच्या दुकानातल्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला नातेवाईक समजून तिचा वेगळा ढीग लावला होता. व्हिडिओ आले की मावशींना कान बघावे लागत नसत. ताई टाच आपटत चालायची, आणि कुठल्याही दारातून दोघी निघाल्या तर आधी तीच बाहेर पडायची. "मोठी कोण?" मावशी पडद्याकडे बघत म्हणायच्या, आणि भाची 'आई'वर दाबायची.

उत्तरं भरत गेली तसा प्रोग्रामही सुधारला. भाचीने सांगितलं की तू जे सांगतेस त्यावरून तो शिकतोय. आधी प्रत्येक फोटोला विचारायचा, मग दहात एकदा, मग क्वचित.

सातव्या दिवशी भाचीच्या आईवडिलांच्या लग्नाच्या स्वागतसमारंभाचे फोटो आले. बराचसा गठ्ठा सोपा होता. नवरी ती ताई, बाजूला पाहुण्यांत वावरणारी ती मावशी. शेवटी एक फोटो आला आणि मावशींचं बोट टेबलावरच राहिलं. नवरा किंचित वाकून बघतोय आणि नवरी मान मागे टाकून मोकळी हसतेय. हाच फोटो मोठा करून गेली तेहेतीस वर्षं या घराच्या बैठकीत लावलेला होता.

"हा काय विचारायचा," भाची म्हणाली. "हा तर अल्बमच्या पहिल्या पानावर. आई इतकी खूश मला दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसतच नाही."

"हो," मावशी म्हणाल्या. "आई."

भाचीने दाबलं. मावशी त्या दिवशी लवकर उठल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी एका म्हातारबाबांच्या काड्या तीनदा वाकवल्या आणि तीनदा चष्मा नाकावरून घसरला. शेवटी म्हातारबाबाच म्हणाले, "असू दे बाई, मी धरून ठेवीन."

ती गोष्ट अशी होती. स्वागतसमारंभाच्या दिवशी ताईला सणसणून ताप होता. तास-दीड तास ती उभी राहिली, मग तिचे डोळे मिटायला लागले. आतल्या खोलीत ती खुर्चीत कोसळली आणि म्हणाली, "तू बस माझ्या जागी. जरा वेळच. कोण बघतंय?" धाकटी नको नको म्हणत होती, पण मोठी कोण, हा प्रश्न आलाच. दोघींनी कपडे बदलले, चपलासुद्धा. पाऊण तास धाकटी मंचावर नवरी होऊन उभी राहिली, माणसांचे हात हातात घेत. एक लांबच्या आत्या आल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "तुम्ही दोघी सारख्या म्हणतात खऱ्या, पण तूच उजवी आहेस हो." तिला हसू आवरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच फोटोवाल्याने कळ दाबली. नंतर ताई गोळी घेऊन परत आली. नवऱ्याला सांगायचं नाही, असं तिने बजावलं होतं. पुढे तोच फोटो भिंतीवर लागला, तेव्हा मावशींनी ताईकडे पाहिलं, पण ताई दुसरीकडेच बघत होती. मग कसं बोलणार? त्या घरात गेल्या की मावशी त्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या. कुणी चोरून आणलेली वस्तू मांडून ठेवावी तसं त्यांना वाटायचं.

दोन दिवसांनी त्या परत गेल्या तेव्हा भाची हसतच होती.

"बघ, तुझा विद्यार्थी आता आगाऊ झालाय. सगळ्या ढिगांवरून परत एकदा हात फिरवला त्याने. बाकी सगळं बरोबर, आणि हा एक म्हणतो, इथं चूक झाली असावी."

पडद्यावर तोच फोटो होता. खाली लिहिलं होतं: मावशी?

"'नाही' दाबते," भाची म्हणाली.

"थांब," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याचं बरोबर आहे. ती मी आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताप, कपडे, आत्या, सगळं. सांगताना त्या भाचीकडे बघत नव्हत्या. भाचीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती म्हणाली, "म्हणजे लहानपणापासून मी ज्या फोटोकडे बघून..." आणि तिने पडद्यावरचा फोटो मोठा केला.

"मला माहीत आहे ते," मागून आवाज आला.

भावोजी स्वयंपाकघराच्या दारात फडकं हातात घेऊन उभे होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मंचावर तिचा हात धरला होता तो चटका बसावा असा तापलेला. ती आत जाऊन आली आणि हात गार. पाच मिनिटांत ताप उतरतो होय? घरी गेल्यावर मी विचारलं. दोघंही पोट धरून हसलो." ते खुर्ची ओढून बसले. "फोटो तिनेच निवडला. म्हणाली, हाच लावा, माझ्या सगळ्या फोटोंत यातच मी चांगली दिसते. मी म्हटलं, अगं, पण तिला सांग तरी. तर म्हणाली, नाही, ती आपणहून कधी कबूल करते बघू. तू आलीस की ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तू आपली भिंतीकडे पाठ करून बसलेली."

"तेहेतीस वर्षं?" मावशी म्हणाल्या. "तेहेतीस वर्षं मी तोंड लपवत होते आणि ती माझी गंमत बघत होती?"

"दवाखान्यातसुद्धा म्हणाली, अजून बोलली नाही बघा."

मावशींना राग आला, खरोखरचा राग, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या इतक्या रडल्या की भाचीने उठून त्यांचं डोकं पोटाशी धरलं. भावोजी मात्र त्यांच्याकडे बघत होते, सरळ, बटणाकडे नाही.

"तू यायचं बंद केलंस," ते म्हणाले.

"तुम्हाला बघवत नव्हतं माझ्याकडे."

"नव्हतं. तू दारात आलीस की वाटायचं तीच आली. मग लगेच आठवायचं. ते आठवणं नको व्हायचं मला, तू नको नव्हतीस. आणि हे कसं बोलायचं ते सुचेना."

अल्बम रजा संपायच्या आत झाला. तो फोटो अल्बमात गेला, पण पहिल्या पानावर नाही. खाली भाचीने दोन ओळी लिहिल्या, कोण कुणाच्या जागी उभी होती आणि का. पहिल्या पानासाठी तिने एका जुन्या व्हिडिओतून ताईचा टाच आपटत दारातून निघतानाचा क्षण उचलला. जरा पुसट आला, पण बापलेकीला दोघांनाही तोच हवा होता. भिंतीवरचा फोटो काढावा का, असं भाचीने विचारलं, तर भावोजी म्हणाले, "तिने लावलाय. मी कोण काढणार?" मावशी आता अधूनमधून संध्याकाळी दुकान बंद करून तिकडे जातात. वाणी अजून थोडा चपापतो, पण साखर मोजायची थांबत नाही.

शेवटी एकोणीस फोटो उरले होते. दोघी दोन-अडीच वर्षांच्या होण्याआधीचे, त्यांतल्या एकीचेच, कुठे टोपीत, कुठे उशीला टेकून. कान टोपीखाली, चाल अजून आलेली नाही. प्रोग्रामने हात टेकले, आणि मावशींनीही. ज्यांना सांगता आलं असतं ते आईवडील कधीच गेले होते. भाची म्हणाली, अंदाजाने वाटून टाकू. मावशी नको म्हणाल्या. त्यांनी तिला तिसरं नाव करायला लावलं, 'दोघींपैकी एक', आणि त्या एकोणीस फोटोंच्या प्रती स्वतःसाठी मागून घेतल्या. त्या दुकानात त्यांच्या खणात असतात. काम कमी असलं की त्या एखादा काढून बघतात, आणि आपण कोण ते ठरवायच्या भानगडीत न पडता परत ठेवून देतात.